लिनक्सच्या क्लासला २५,९६० भरले, वसूल किती झाले ते सांगतो

भाचा बारावीनंतर डिप्लोमा करून बसलाय बार्शीत, आणि गेल्या महिन्यात ताईचा फोन आला की अरे तो म्हणतोय पुण्यात येऊन क्लास लावतो, लिनक्स क्लाउड डेव्हऑप्स सगळं मिळून पंचेचाळीस हजार, तू पण लावला होतास ना, कसा आहे सांग. फोनवर सांगायला गेलो तर अर्धा तास झाला आणि ताईला काही कळलं नाही, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढतो, अजून चार पोरांना उपयोग होईल. क्लासचं नाव लिहीत नाही. आतापर्यंत तिथले सर बदललेत, कदाचित मालकही, आणि खरं सांगायचं तर डेक्कन, कर्वेनगर, हडपसर कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच असतं.

आधी माझं सांगतो. मगरपट्ट्यात प्रॉडक्शन सपोर्टला एल वन होतो, म्हणजे रात्रभर स्क्रीनकडे बघायचं, अलर्ट लाल झाला की तिकीट उघडायचं आणि माझ्या वरच्या फळीतल्या एल टू वाल्याला उठवायचं. तो झोपेतून उठून चार कमांड मारायचा आणि अलर्ट हिरवा. त्या चार कमांड काय होत्या हे मला यायला पाहिजे असं वाटायला लागलं, म्हणून आरएचसीएसए करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, रेड हॅट ती विकणारी कंपनी, आणि ही त्यांची परीक्षा, कोड ईएक्स २००, आणि हिच्यात अ ब क ड असे पर्याय नसतात. समोर चालू मशीन देतात, तीन तास, हे हे करून दाखव म्हणतात. ३०० पैकी २१० पाहिजेत. इंटरनेट नाही, फक्त मशीनमधली मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपानं, आणि डॉक्युमेंटेशन. आणि खरी गोम ही की केलेलं सगळं रीबूटनंतरही टिकलं पाहिजे, नाहीतर केलं न केलं सारखंच. त्यामुळे ही पाठांतराने निघत नाही, आणि म्हणूनच क्लास की सेल्फ स्टडी हा वाद हिच्याबाबतीत करण्यात अर्थ आहे. एमसीक्यूवाल्या परीक्षा लोक डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून काढतात, त्यांचं काय बोलायचं.

नोव्हेंबर २०२२ ला मी एकट्यानेच चालू केलं. पैसे वाचवायचे हा एक भाग, आणि दुसरा म्हणजे थोडा माज, की सगळं नेटवर फुकट आहे मग क्लासला कशाला भरायचे. आणि फुकट आहे हे खोटं नाही बरं का. रेड हॅटच्या साइटवर डेव्हलपर अकाउंट काढलं की अस्सल आरएचईएल, म्हणजे रेड हॅटचं लिनक्स, फुकट मिळतं, एका माणसाला १६ मशीनपर्यंत. ते नको असेल तर रॉकी आहे, अल्मा आहे, दोन्ही फुकटची लिनक्स, जवळजवळ तशीच. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रोजेक्ट आहे, त्यात दहा दहा मिनिटांचे लिनक्सचे धडे आहेत आणि ते मराठीतही डब केलेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नाही. ज्याची इंग्रजीने गाडी अडते त्याने पहिला आठवडा तिथेच काढावा, एक पैसा लागत नाही. युट्यूबवर तर हिंदीत, इंग्रजीत अख्खे कोर्स पडलेत. उडेमीवर एरवी हजारांत दिसणारा कोर्स सेल लागला की चारपाचशेत मिळतो आणि सेल कायमच लागलेला असतो, शिवाय नाही आवडला तर ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. मी पण एक घेतला, ४४९ ला. लॅपटॉपला आठ जीबी रॅम होती, व्हर्च्युअलबॉक्स टाकलं (लॅपटॉपच्या आत खोटी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), त्यात दोन दोन जीबीची दोन मशीन उभी केली. झाली की लॅब तयार. एकूण खर्च साडेचारशे रुपये.

आणि मग काय झालं, तर पहिले पंधरा दिवस जोरात. युजर बनव, ग्रुप बनव, परमिशन, क्रॉन, सगळं मस्त कळत होतं. मग नाइट शिफ्ट संपवून आलं की आज झोपू, उद्या बघू. उद्या रूमपार्टनरचा वाढदिवस. मग गावी जत्रा. कोर्स ३४ टक्क्यांवर अडकला तो अडकला, आणि तो ३४ चा आकडा रोज ॲपमध्ये दिसायचा म्हणून मी ॲपच उघडायचं बंद केलं. हे तर सगळ्यांचंच होतं. पण मला जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा झाला, आणि तीच जरा नीट सांगतो कारण माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

वेब सर्व्हरचा धडा होता. अपाचे, म्हणजे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर, टाकला, सर्व्हिस चालू केली, फायरवॉलमध्ये एचटीटीपी उघडलं. होम फोल्डरमध्ये एक साधं पान बनवलं होतं, इंडेक्स डॉट एचटीएमएल, त्यात फक्त लिहिलं होतं जय महाराष्ट्र. ते उचलून व्हार डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एचटीएमएलमध्ये टाकलं, ब्राउझर उघडला, फोरबिडन. परमिशन बघितल्या, बरोबर. मालक बदलला, तरी फोरबिडन. शेवटी वैतागून ७७७ देऊन टाकली, म्हणजे घराची दारं खिडक्या सगळं सताड उघडं, तरी फोरबिडन! तीन रात्री गेल्या. नेटवर शोधलं तर पहिल्याच उत्तरात कुणीतरी लिहिलेलं की सेटएनफोर्स झिरो मारा, एसईलिनक्स (लिनक्सचा आतला सुरक्षारक्षक) बंद करा, झालं काम. मारलं, पान दिसलं, मी खूश. पण का दिसलं ते कळलं नाही आणि परीक्षेत एसईलिनक्स बंद करून चालत नाही हेही माहीत होतं, म्हणजे खूश होण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी लॅपटॉपवर लिनक्स चालूच केलं नाही.

जानेवारीत क्लास लावला. आता काउन्सेलर मॅडमचा किस्सा सांगितलाच पाहिजे. मी नुसतं चौकशीला गेलेलो. मॅडमनी पाणी दिलं, फॉर्म भरून घेतला, फी सांगितली ३५ हजार. मी उठायला लागलो तर म्हणे सर बसा ना, आज रजिस्ट्रेशन केलंत तर २२ मध्ये बसवते, उद्या आलात तर माझ्या हातात काही नाही. (उद्या काय, माझा मित्र दोन महिन्यांनी गेला, त्यालाही 'आजच' २२.) त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २५,९६०. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, बिल नको असेल तर जीएसटी नाही लागणार. मी बिल घेतलं, कारण पुढे भांडायची वेळ आली तर हातात कागद पाहिजे, आणि तुम्हीही घ्या. परीक्षेची फी यात नव्हती, ती वेगळी, हे मला पैसे भरल्यावर कळलं. आणि भिंतीवर केवढा मोठा बोर्ड, शंभर टक्के जॉब असिस्टन्स. असिस्टन्स म्हणजे गॅरंटी नव्हे. असिस्टन्स म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात नोकरी डॉट कॉमवर आपल्यालाही दिसणाऱ्या जागांचे स्क्रीनशॉट येतात, आणि खाली 'इंटरेस्टेड' लिहिणाऱ्या साठ जणांची रांग. माझ्या बॅचमध्ये चोवीस पोरं होती, लातूर, जळगाव, परभणी, दोघं बिहारची. क्लासच्या ओळखीने नोकरी लागली असा एकही माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना लागली त्यांना स्वतः अर्ज करून किंवा मित्राच्या रेफरलने.

कागदावर शनिवार रविवार सकाळी आठ ते साडेदहा, सोळा आठवडे, म्हणजे ८० तास. प्रत्यक्षात ७ लेक्चर झालीच नाहीत, कधी सर आजारी, कधी लाइट, एकदा तर किल्लीवाला मुलगाच आला नाही आणि आम्ही जिन्यात बसून वडापाव खाऊन परत आलो. राहिले साडेबासष्ट तास. भागाकार करून बघा, ताशी ४१५ रुपये पडतात. मी हा हिशोब मुद्दाम ठेवला होता, लेक्चर कॅन्सल झालं की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ.

आता पहिल्या सरांबद्दल. नांदेडकडचे, पस्तिशीचे, दिवसा कुठल्यातरी कंपनीत ॲडमिन आणि वीकेंडला शिकवायचे. लेक्चर हिंदीत, कारण बॅच मिक्स, पण डाउट विचारला की मराठीवर यायचे आणि मराठीत ते वेगळेच माणूस. दुसऱ्या शनिवारीच मी त्यांना माझं ते फोरबिडनचं रडगाणं सांगितलं. मी सगळं सांगत होतो, परमिशन अशी, मालक तसा, ७७७ पण दिली सर. त्यांनी चहाचा कप खाली पण ठेवला नाही. म्हणाले, फाइल मूव्ह केली होतीस का कॉपी?

म्हटलं मूव्ह.

म्हणाले, एलएस डॅश मोठा झेड मार आणि वाच.

मारलं. फाइलच्या पुढे लेबल दिसलं, युजर होम टी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कॉपी केली की फाइल नव्या जागेचं लेबल घेते, मूव्ह केली की जुनं लेबल सोबत घेऊन येते. म्हणजे माणूस बार्शीहून पुण्याला राहायला आला पण आधारवर पत्ता बार्शीचाच. अपाचे दारात उभा राहून म्हणतोय की तुझा पत्ता इथला नाही, मी तुला दाखवणार नाही, आणि तू ७७७ दे नाहीतर काहीही दे. एक कमांड, रिस्टोअरकॉन, आणि पान दिसलं. सेटएनफोर्स झिरोचं सांगितलं तर सर म्हणाले, ते म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवणं, ऑफिसात केलंस तर नोकरी जाईल.

माझ्या तीन रात्री आणि त्यांची चार सेकंदं. उत्तर नेटवर होतं, शंभर ठिकाणी असेल, पण ते शोधायला आधी लेबल नावाची काही भानगड असते हे माहीत पाहिजे ना. मी आपला परमिशन परमिशन शोधत बसलेलो. एकट्याने शिकताना हीच अडचण होते, आपण कुठल्या खोलीत चावी शोधतोय तेच चुकलेलं असतं आणि सांगणारं कुणी नसतं. (आता एआय चॅटबॉटला विचारता येतं हे मान्य, आणि मी स्वतः रोज विचारतो. पण तू जे विचारशील त्याचंच तो उत्तर देणार. मी परमिशनचं विचारलं असतं तर त्याने परमिशनचीच पाच उत्तरं दिली असती असं मला वाटतं. पटकन उलटा प्रश्न विचारायला समोर बसलेला माणूसच बरा.)

एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणं, पण त्यांनी असंच शिकवलं. उडेमीवर तो धडा मी तीनदा बघितला होता आणि तीनदा झोपलो होतो. सरांनी फळ्यावर तीन शेतं काढली. म्हणाले तीन भावांच्या तीन वेगवेगळ्या जमिनी, हे फिजिकल व्हॉल्यूम. तिघांनी भांडण मिटवून एकत्र केल्या, सातबारा एक झाला, हा व्हॉल्यूम ग्रुप. आता त्या एकत्र जमिनीतून पाहिजे तेवढे तुकडे पाडा, याला घर, त्याला विहीर, ते लॉजिकल व्हॉल्यूम. आणि मोजायचं माप म्हणजे गुंठा, इथे त्याला एक्स्टेंट म्हणतात, एक एक्स्टेंट न सांगता ४ एमबीचा असतो पण परीक्षेत मुद्दाम ८ चा नाहीतर १६ चा करून इतके एक्स्टेंट पाहिजेत म्हणून विचारतात. बिहारच्या पोरांना सातबारा कळला नाही, मग त्यांना खसरा खतौनी करून सांगितलं. आणि शेवटी ताकीद, एक्सएफएस फाइल सिस्टिम वाढवता येते, कमी करता येत नाही, एकदा दिलेली जमीन भाऊ परत देत नाही. मी घरी व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनवर कमी करायला गेलोच, सगळा डेटा उडाला, आणि तेव्हापासून विसरलो नाही.

सरांचा एक नियम होता. लॅब चालू झाली की दहा मिनिटं कुणी त्यांना हाक मारायची नाही. एरर आली तर आधी वाच, मोठ्याने वाच, मग मॅन पेज उघड, दहा मिनिटांनी मी येतो. पहिल्यांदा राग यायचा, ४१५ रुपये तासाला देतोय आणि हा माणूस खिडकीत उभा राहून चहा पितोय. एकदा मॉक टेस्टला मी एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) एक ओळ लिहिली, त्यात यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळखनंबराचं, एक अक्षर खाल्लं, रीबूट मारलं आणि मशीन उठलंच नाही. इमर्जन्सी मोड, रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड दे म्हणून बसलं. सर मागे उभे, बघतायत, गालात हसतायत, बोलत नाहीत. घाम फुटला. सातआठ मिनिटांनी माझं मलाच सापडलं, ओळ दुरुस्त केली, उठलं. मग म्हणाले, रीबूटच्या आधी माउंट डॅश ए मारायचं, चूक असेल तर तिथेच ओरडतं. हे वाक्य उडेमीवाल्यानेही सांगितलं होतं, मी नोट्समध्ये लिहिलंही होतं, पण मशीन न उठण्याची ती सात मिनिटं नोट्समध्ये नसतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की क्लासच भारी. थांबा.

मार्चच्या शेवटी सरांना बंगळुरात चांगली ऑफर आली, ते गेले. त्यांचं काही चुकलं नाही, मीही गेलो असतो. पण क्लासने जो नवीन माणूस आणला तो आमच्याच आधीच्या बॅचचा विद्यार्थी निघाला, बिचारा पीपीटी वाचून दाखवायचा, आणि डाउट विचारला की 'नेक्स्ट वीक सांगतो'. नेक्स्ट वीक कधी उजाडला नाही. ऑफिसात तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या फॅकल्टी बदलायचा अधिकार क्लासकडे आहे, पावतीच्या मागे लिहिलंय. वाचलं तर खरंच लिहिलेलं, बारीक अक्षरात, आणि त्याच्याखाली भरलेली फी परत मिळणार नाही. आपण क्लासचं नाव बघून पैसे भरतो, पण शिकवतो माणूस, आणि त्या माणसाचं नाव पावतीवर कुठेच नसतं.

दुसरं, नोट्स. क्लासने स्पायरल बाइंडिंग करून दिल्या होत्या, जाडजूड, वजनदार, बघून बरं वाटायचं. नेटवर्किंगच्या धड्यात लिहिलेलं की एटीसी, सिसकॉन्फिग, नेटवर्क स्क्रिप्ट्स या फोल्डरमध्ये जा आणि आयएफसीएफजी नावाची फाइल एडिट करा. घरी गेलो, माझ्याकडे आरएचईएल ९ होतं, फोल्डर उघडला तर आत काहीच नाही. एक रीडमी फाइल होती फक्त. म्हटलं इन्स्टॉलच चुकलं असेल, परत सगळं इन्स्टॉल केलं, परत तेच. मग ती रीडमी वाचली (सरांचा नियम, आधी वाच) तर त्यात सरळ लिहिलेलं की बाबा आता ही पद्धत राहिली नाही, नवीन कनेक्शन कीफाइलमध्ये जातात, नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम कनेक्शन्स फोल्डरमध्ये बघ. आरएचईएल ९ आलं मे २०२२ मध्ये आणि मी क्लासमध्ये बसलो होतो २०२३ ला, माझी परीक्षा ९ वर होणार होती, आणि नोट्स त्याच्या दोन पिढ्या आधीच्या. लॅबच्या पीसींवर तर सेंटओएस ७ होतं, ज्याचा सपोर्ट पुढे जून २०२४ ला संपलाच. पॉडमन, म्हणजे कंटेनर चालवायचं टूल, हा तेव्हा परीक्षेत असलेला अख्खा विषय नोट्समध्ये नव्हताच. विचारलं तर नवीन सर म्हणाले, तो टॉपिक सेल्फ स्टडी करा.

म्हणजे २५,९६० भरून शेवटी सेल्फ स्टडीच! तेव्हा फार चिडलो होतो, आता हसू येतं.

पण गंमत अशी की तो सेल्फ स्टडी मला जमला. तोच उडेमीचा कोर्स, तोच लॅपटॉप, तेच ३४ टक्के, ते एप्रिल ते जुलै या काळात १०० झाले. रेड हॅटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन फुकट वाचायला मिळतं आणि ते नेहमी ताजं असतं, पॉडमन मी पूर्ण त्यावरूनच केलं. बॅचमधली परभणीची एक मुलगी आणि जळगावचा एक जण, आम्ही तिघांनी ठरवलं की शनिवारी सकाळी आठला, क्लासच्याच वेळेला, गुगल मीटवर बसायचं. एकाने दुसऱ्याचं मशीन मुद्दाम बिघडवायचं, रूटचा पासवर्ड बदलून टाक, एफएसटॅब मोडून ठेव, पोर्ट बदल, आणि दुसऱ्याने दुरुस्त करायचं. यात जेवढं शिकलो तेवढं कशातच नाही. वहीत हिशोब आहे, क्लासचे साडेबासष्ट तास आणि घरचे दोनशेच्या वर. ऑगस्टला परीक्षा दिली. दोन तास दहा मिनिटांत सगळं करून झालं, मग मशीन रीबूट करून एकेक गोष्ट परत तपासली, माउंट डॅश ए अर्थातच आधी. पास झालो. पगार लगेच वाढला नाही, हेही सांगून ठेवतो. कंपनीत एल टू ला घेतलं ते पुढच्या अप्रेझलला, पण तोपर्यंत रात्री दुसऱ्याला झोपेतून उठवायची वेळ बऱ्यापैकी कमी झाली होती. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग परत काहीतरी द्यावं लागतं.

रेड हॅटचे स्वतःचे अधिकृत कोर्स पण असतात, आरएच १२४ आणि आरएच १३४, पाच पाच दिवसांचे, नोट्स ताज्या, लॅब तयार. आमच्या टीममधला एक सीनियर करून आला, खूप तारीफ करत होता. पण त्याची फी त्याच्या खिशातून गेली नव्हती. कंपनी भरत असेल तर डोळे झाकून जा, स्वतः भरायची असेल तर मी नाही सांगणार. आणि ज्याला सहा महिने नोकरी न करता पूर्णवेळ देता येतात त्याने सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी डॅक हा डिप्लोमा बघावा, त्याला सीकॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पण पदवी पाहिजे, त्यामुळे आमच्या भाच्याचा प्रश्नच नाही.

तसं बघितलं तर आपल्याकडे हा वाद नवीन नाही. मी दहावीनंतर बार्शीत एमएससीआयटी केलं तेव्हाही निम्मं शिक्षण संगणकावरचं सॉफ्टवेअरच द्यायचं आणि सर शेजारी उभे असायचे. २००१ पासून गावोगावी हेच चालू आहे, आणि ते चालतं कारण एक ठरलेली वेळ असते, एक ठरलेली खुर्ची असते, आणि नाही गेलो तर घरी कळतं. तीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने किंवा ॲपच्या नोटिफिकेशनने ते होत नाही, निदान माझं तरी नाही झालं.

तर स्टार द्यायचे म्हटले तर त्या क्लासला पाचपैकी अडीच. पहिल्या सरांना पाच. नोट्सना शून्य. मॅडमना त्यांच्या कामात पाचपैकी सहा, पण त्यांचं काम शिकवणं नव्हतं. उडेमीच्या ४४९ वाल्याला चार, पण क्लासच्या आधी विचारलं असतंत तर मी दोन दिले असते, कोर्स तोच, माणूस बदलला.

भाच्याला मी पंचेचाळीस हजार भरू दिले नाहीत. म्हटलं आधी माझा जुना लॅपटॉप घे, स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे बघ, रॉकी टाक, दोन महिने घरी कर. अडकलास आणि अडकून राहिलास तर मग ये पुण्याला, आपण एखादा एकाच विषयाचा छोटा क्लास बघू, पाच विषय एकात कोंबलेला नको. जायच्या आधी डेमो लेक्चर मागायचं आणि डेमो देणारे सरच शेवटपर्यंत शिकवणार का हे लिहून मागायचं, लिहून देत नसतील तर चहा पिऊन परत यायचं. लॅबच्या पीसीवर कुठलं व्हर्जन आहे ते स्वतःच्या डोळ्याने बघायचं, आणि फी दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता निम्मा कोर्स झाल्यावर. मी हे काहीच केलं नव्हतं. ताईला वाटतंय मी पोराला टाळतोय. तो शनिवारी सकाळी आठला मला मीटवर दिसला पाहिजे एवढी एक अट घातलीय, तिसरा शनिवार आहे हा, एकदा झोपला होता, दोनदा आला.

परवा रात्री अकराला त्याचा फोन, मामा मशीन उठत नाहीये, काहीतरी इमर्जन्सी मोड म्हणतंय, काय करू. मला ओळ नंबरासकट माहीत होतं काय झालं असणार. म्हटलं स्क्रीनवर काय आलंय ते मोठ्याने वाच, आणि आता फोन ठेव, दहा मिनिटांनी मी करतो.